चौकशी व्हायच्या आधीच डॉक्टरचं काम थांबवता येतं का? येतं, पण कसं आणि किती ते नीट समजून घ्या

प्रश्न असा आलाय: एखाद्या डॉक्टरवर तक्रार झाली, चौकशी अजून धड सुरूही नाही, साक्षीपुरावे तर लांबच, तरी मेडिकल कौन्सिल त्याचं रजिस्ट्रेशन सस्पेंड करू शकतं का, किंवा अमुक काम करायचं नाही असं बजावू शकतं का, आणि करू शकत असेल तर आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष या तत्त्वाचं काय झालं.

करू शकतं. पद्धत आणि मर्यादा देशागणिक बदलतात, पण असा काहीतरी तातडीचा अधिकार बहुतेक नियामकांकडे असतो. मी वकील आहे, डॉक्टरांच्या शिस्तभंगाच्या केसेस हेच माझं काम, बहुतेकदा डॉक्टरच्या बाजूने आणि अधूनमधून कौन्सिलच्या बाजूनेही. दोन्हीकडून बसल्यावर एक गोष्ट कळते, ती म्हणजे अशा तातडीच्या हिअरिंगमध्ये दोन बाजू दोन वेगळ्याच प्रश्नांवर बोलत असतात. डॉक्टर जीव तोडून सांगतो की मी हे केलंच नाही. निर्णय देणाऱ्या पॅनलच्या डोक्यात मात्र चालू असतं की समजा केलं असेल, आणि शेवटचा निकाल लागायला वर्ष दीड वर्ष जाणार असेल, तर तोवर याच्याकडे येणाऱ्या पेशंटचं काय. बहुतेक डॉक्टर हरतात ते इथे, कारण ते न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत राहतात.

हा अधिकार आला कुठून ते आधी बघू, म्हणजे त्याचा स्वभाव कळेल. इंग्लंडमधला हॅरॉल्ड शिपमन बहुतेकांना ऐकून माहीत असेल, फॅमिली डॉक्टर होता आणि स्वतःच्याच पेशंटना इंजेक्शन देऊन मारायचा. सप्टेंबर १९९८ मध्ये त्याला अटक झाली, ३१ जानेवारी २००० ला १५ खुनांसाठी तो दोषी ठरला, आणि त्याचं नाव जनरल मेडिकल कौन्सिलच्या म्हणजे जीएमसीच्या रजिस्टरवरून निघालं ते त्यानंतर, फेब्रुवारीत. म्हणजे खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात बसलेला माणूस मधला सगळा काळ कागदोपत्री रजिस्टर्ड डॉक्टर होता. लोक भडकणारच. त्याच २००० सालात कायदा बदलून जीएमसीला अंतरिम आदेशांसाठी वेगळी कमिटी आणि जास्त रुंद अधिकार मिळाले. म्हणून मी म्हणते की हा अधिकार बघताना शिक्षेचा चष्मा काढून ठेवा, तो मधल्या काळासाठी बनवलाय. आता हे डॉक्टरला सांगून समाधान होत नाही हे मला माहितेय, दवाखान्याला कुलूप लागलं की त्याला तुम्ही शिक्षा म्हणा नाहीतर संरक्षण म्हणा, घरी हप्ता तोच असतो.

आता कसोटी काय असते. ब्रिटनमध्ये मेडिकल ॲक्ट १९८३ चं कलम ४१ए आहे, त्यात तीन कारणं दिलीत: लोकांच्या संरक्षणासाठी गरजेचं असणं, नाहीतर सार्वजनिक हित, किंवा खुद्द डॉक्टरचं हित. तिसरं वाचून लोक चक्रावतात, पण दारूत किंवा ड्रग्जमध्ये अडकलेला डॉक्टर किंवा मानसिक आजारात काम रेटत राहिलेला डॉक्टर बघितला असेल तर ते का ठेवलंय ते लगेच कळतं. ऑस्ट्रेलियात नॅशनल लॉचं म्हणजे डॉक्टर-नर्स वगैरेंच्या देशव्यापी कायद्याचं कलम १५६, तिथे मेडिकल बोर्डाला वाजवी कारणाने असं वाटलं पाहिजे की या माणसाच्या वागणुकीमुळे, कामामुळे किंवा तब्येतीमुळे लोकांना गंभीर धोका आहे आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी ताबडतोब पाऊल उचलणं गरजेचं आहे, शिवाय सार्वजनिक हिताचा आधार तिथेही नंतर जोडलाय. कॅनडात ओंटारिओमध्ये बघतात की पेशंटना इजा होतेय किंवा व्हायची शक्यता आहे का. शब्द वेगळे असले तरी सगळीकडे नजर पुढे आहे, झालेल्या गोष्टीवर शिक्कामोर्तब कुणीच करत नाही. पॅनल इथे आरोप खरा की खोटा हे ठरवत नाही, ठरवायचंही नसतं. प्रथमदर्शनी काहीतरी दम असलेला पुरावा आहे का एवढंच बघतात. निव्वळ कुजबुज चालत नाही, पण पूर्ण सिद्धताही लागत नाही, आणि या दोन टोकांच्या मधला पट्टा इतका रुंद आहे की वकिलाची सगळी मेहनत तिथेच जाते.

भारतात काय, हे खूप जण विचारतात. इथे २००२ चे एथिक्स रेग्युलेशन्स अजून लागू आहेत, कारण नॅशनल मेडिकल कमिशनने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेले नवे नियम त्याच महिन्यात स्थगित करून जुने परत चालू केले. त्या २००२ च्या नियमांत ८.५ म्हणून एक छोटंसं वाक्य आहे, तक्रार प्रलंबित असताना कौन्सिल डॉक्टरला ज्या प्रोसिजरबद्दल किंवा प्रॅक्टिसबद्दल तपासणी चालू आहे ती करण्यापासून रोखू शकतं. बास, एवढंच. माझ्या मते त्याचा अर्थ अरुंद घ्यायला हवा: एखाद्या सर्जनच्या ठराविक ऑपरेशनबद्दल तक्रार असेल तर ते ऑपरेशन थांबवा, पण त्याच्या नावावर ओपीडी बघण्यापासून सगळंच बंद करायचं असेल तर त्यासाठी ८.५ पुरेसं नाही. कौन्सिलची बाजू मांडणारे यातल्या प्रॅक्टिस या शब्दावर बोट ठेवून याच्या उलट सांगतील. आणि गंमत बघा, त्याच्या आधीचं ८.४ म्हणतं की तक्रारीचा निर्णय ६ महिन्यांत व्हावा, पण ८.५ च्या मनाईला स्वतःची मुदत नाही, मध्ये कधी फेरविचार करायचा तेही लिहिलेलं नाही. ६ महिने उलटून गेले आणि केस तिथेच असेल तर मनाईही तशीच लोंबकळत राहते. म्हणून अशी ऑर्डर निघाली की पहिल्याच दिवशी लेखी मागणी करायची की यात तारीख घाला, अमुक तारखेला परत बघा. नकार आला तर हायकोर्टात रिटमध्ये जायला तो नकार कामाला येतो.

बाजू ऐकून न घेताच ऑर्डर काढता येते का? हा मुद्दा जरा सविस्तर, कारण नैसर्गिक न्याय हा शब्द सगळे वापरतात आणि त्यात वेळेचा भाग विसरतात. ऐकून घेणं हे आधीही असू शकतं आणि तातडी खरी असेल तर नंतरही. भारताच्या सुप्रीम कोर्टाने मनेका गांधी केसमध्ये १९७८ साली निर्णयानंतरच्या सुनावणीला जागा ठेवली आणि लिबर्टी ऑइल मिल्सच्या १९८४ च्या निकालात तातडीच्या अंतरिम आदेशांबद्दल हेच अजून मोकळेपणाने मांडलं. अमेरिकेतली या विषयावरची गाजलेली केस तर डॉक्टरची नाहीच, ती रेसच्या घोड्यांच्या एका ट्रेनरची, बॅरी विरुद्ध बार्ची, १९७९. घोड्याच्या तपासणीत औषध सापडलं म्हणून ट्रेनरला १५ दिवस सस्पेंड केलं होतं. तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधी न ऐकता सस्पेंड करणं चालून जाईल, पण नंतरची सुनावणी लवकर झाली पाहिजे, ती कधी होईल याची काही खात्रीच नसेल तर ते घटनेत बसत नाही. डॉक्टरांच्या समरी सस्पेन्शनच्या म्हणजे आधी न ऐकता सस्पेंड केल्याच्या भांडणात आजही वकील हा निकाल पुढे करतात. ओंटारिओत साधारण नियम असा की डॉक्टरला नोटीस आणि उत्तर द्यायला किमान १४ दिवस, पण पेशंटना इजा होत असेल आणि ताबडतोब हस्तक्षेप लागणार असेल तर नोटिशीशिवायही ऑर्डर निघू शकते. म्हणजे मला आधी विचारलं नाही एवढ्याच मुद्द्यावर ऑर्डर रद्द होईल अशा आशेवर राहू नका. आता इतकी घाई होती तर तक्रार तुमच्याकडे चार महिने का पडून होती, हा प्रश्न मात्र जरूर विचारा, त्याला बऱ्याचदा नीट उत्तर नसतं.

इथून पुढे खरी कसरत. सस्पेन्शन हे शेवटचं हत्यार मानलं जातं, त्याआधी अटी घालून काम भागतं का हे बघावं लागतं. पण अटी लिहिणं ही कला आहे आणि वाईट लिहिलेली अट कुणाच्याच उपयोगाची नसते. योग्य देखरेखीखाली काम करावे असं लिहिलेल्या ऑर्डर मी बघितल्यात. योग्य म्हणजे काय, कुणाची देखरेख, तो सिनिअर त्याच बिल्डिंगमध्ये हवा की फोनवर मिळाला तरी चालेल, तो सुट्टीवर गेला तर काय, रिपोर्ट कुणाला द्यायचा? जीएमसीने यासाठी देखरेखीच्या पायऱ्याच ठरवून ठेवल्यात, साधी देखरेख, जवळून देखरेख आणि थेट देखरेख, आणि प्रत्येकीत सुपरवायझरने काय करायचं ते लिहिलंय. अट घालताना ती तपासता येईल का हा पहिला प्रश्न आणि या डॉक्टरला ती प्रत्यक्षात पाळता येईल का हा दुसरा. एकट्याने क्लिनिक चालवणाऱ्याला थेट देखरेखीची अट घातली तर ते सस्पेन्शनच झालं फक्त नाव वेगळं, आणि तसं असेल तर ते पॅनलला तोंडावर सांगायला हवं.

अट कागदावर छान आणि प्रत्यक्षात पोकळ याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे चॅपरोनची अट. लैंगिक गैरवर्तनाचा आरोप असलेल्या डॉक्टरला अनेक वर्षं सर्रास असं सांगितलं जायचं की स्त्री पेशंट तपासताना खोलीत तिसरी व्यक्ती ठेवा आणि रजिस्टरमध्ये नोंद करा. ऐकायला ठीक वाटतं. आता नीट डोळ्यासमोर आणा. तिसरी व्यक्ती कोण, तर बऱ्याचदा त्याच दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, जिचा पगार तो डॉक्टर देतो. ती उभी कुठे, तर पडद्याच्या अलीकडे. मध्येच बाहेर फोन वाजला की ती फोन घ्यायला जाते. रजिस्टरवर सही होते संध्याकाळी, दिवसभराच्या सगळ्या पेशंटची एकदम. आणि पेशंटला वाटतं की इथली पद्धतच अशी असेल, या डॉक्टरवर आरोप आहे म्हणून ही बाई इथे आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका न्यूरॉलॉजिस्टच्या प्रकरणावरून यावर वादळ उठलं, मग न्यूझीलंडचे कायद्याचे प्राध्यापक रॉन पॅटरसन यांच्याकडून स्वतंत्र आढावा घेतला गेला आणि २०१७ मध्ये त्यांनी स्वच्छ सांगितलं की लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांत अंतरिम उपाय म्हणून चॅपरोन वापरणं सोडून द्या, त्याऐवजी ठराविक पेशंट बघण्यावर बंदी घाला, पेशंटशी संपर्कच बंद करा, किंवा सरळ सस्पेंड करा. मी डॉक्टरच्या बाजूने उभी असतानाही अशा केसमध्ये चॅपरोनचा प्रस्ताव पुढे करत नाही. एकतर पॅनल तो मानत नाही, आणि मानलाच तर पुढच्या तक्रारीला दार उघडं राहतं, ज्यात डॉक्टरचंही नुकसानच.

सार्वजनिक हित हा आधार मला सगळ्यात निसरडा वाटतो. पेशंटला थेट धोका दिसत नाही, पण हा माणूस काम करत राहिला तर लोकांचा या व्यवसायावरचा विश्वास उडेल असं म्हणून थांबवायचं. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात याचं उदाहरणच दिलंय, डॉक्टरकीशी संबंध नसलेल्या गंभीर गुन्ह्याचा आरोप. इंग्लंडच्या हायकोर्टाने मात्र २००७ मध्ये एका डेंटिस्टच्या केसमध्ये बजावलं की फक्त सार्वजनिक हितासाठी अंतरिम सस्पेन्शन हे तुलनेने क्वचितच व्हावं. माझ्या मते ते बरोबर आहे, नाहीतर वर्तमानपत्रात किती ओरड झाली यावर कुणाचं रजिस्ट्रेशन राहणार हे ठरायला लागेल. याच्याच शेजारचा मुद्दा बोलण्याचा. कोविडच्या काळात इंग्लंडमधल्या एका जीपीने म्हणजे फॅमिली डॉक्टरने सोशल मीडियावर लस आणि मास्कबद्दल काहीबाही विधानं केली, अंतरिम ट्रायब्युनलने त्याला कोविडवर पोस्ट करायची नाही अशी अट घातली. डिसेंबर २०२१ मध्ये हायकोर्टाने ती अट काढून टाकली, कारण अभिव्यक्तीवर आधीच बंधन घालायचं असेल तर ह्यूमन राइट्स ॲक्टच्या कलम १२ मधली जास्त कडक कसोटी लावायला हवी होती आणि ती लावलीच नव्हती. तो डॉक्टर बरोबर बोलत होता असं कोर्टाने म्हटलेलं नाही, हे त्याचे चाहते सोयीने विसरतात. पण तातडी आहे म्हणून कुठलीही अट चालते असं नाही, एवढं त्यातून पक्कं झालं.

वेळ. माझी खरी तक्रार या अधिकाराबद्दल कमी आणि तो किती लांबतो याबद्दल जास्त आहे. ब्रिटनमध्ये अंतरिम ऑर्डर एका वेळी जास्तीत जास्त १८ महिन्यांची, पहिला रिव्ह्यू ६ महिन्यांच्या आत, आणि १८ महिन्यांपुढे न्यायची तर जीएमसीला कोर्टात जावं लागतं, कोर्ट एका वेळी १२ महिन्यांपर्यंत वाढवू शकतं. वाढवताना काय बघायचं ते कोर्ट ऑफ अपीलने २००७ च्या हिव केसमध्ये सांगितलंय: आरोप किती गंभीर, पुरावा कसला, पेशंटना धोका किती, केस अजून का संपली नाही, आणि ऑर्डर चालू राहिली तर डॉक्टरचं नुकसान काय. वाढ का हवी हे पटवून द्यायची जबाबदारी नियामकाची, डॉक्टरची नाही. चौथ्या मुद्द्यावर जोर द्या, असं मी ज्युनिअर वकिलांना सांगते. एक्स्पर्ट रिपोर्टला आठ महिने का लागले, पोलिसांना स्मरणपत्र कधी पाठवलं, याची तारीखवार यादी काढून समोर ठेवायची. आणि नुकसानाचा मुद्दा नुसता पैशाचा नसतो. सर्जनचा हात दीड वर्ष थांबला तर तो पूर्वीसारखा राहत नाही, परत येताना त्यालाच देखरेख लागते. जीएमसीने स्वतः करवून घेतलेल्या आणि डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या आढाव्यात दिसलं की २००५ ते २०१३ या काळात चौकशी चालू असताना २८ डॉक्टरांनी आत्महत्या केली किंवा तसा संशय होता. ते सगळे सस्पेंड होते असं नाही, पण चौकशीचं ओझं किती असतं ते यात दिसतं. अशी नोटीस हातात पडलेल्या डॉक्टरशी माझा पहिला फोन झाला की मी विचारते, घरी कोण आहे, त्यांना सांगितलंय का. कायदा त्यानंतर.

आता हातात नोटीस आहे असं धरून चला. हिअरिंग छोटी असते, साक्षीदार बहुधा नसतात, सगळं कागदांवर आणि युक्तिवादावर, ब्रिटनमध्ये तर ती बंद दाराआडच होते. तिथे जाताना माझ्या चांगुलपणाची तीस सर्टिफिकेटं नेण्यापेक्षा प्लॅन न्या. मेडिकल डायरेक्टरचं पत्र, ज्यात लिहिलंय की आरोपांची त्यांना पूर्ण कल्पना आहे आणि तरी अमुक अटींवर ते काम द्यायला तयार आहेत, हे एक पत्र तीस सर्टिफिकेटांना भारी पडतं. आरोपांची कल्पना आहे हे शब्द पत्रात हवेतच, नसतील तर त्या पत्राला वजन शून्य. तब्येतीचा मुद्दा असेल तर उपचार करणाऱ्या सायकिॲट्रिस्टचा ताजा रिपोर्ट, टेस्ट द्यायची तयारी. कामाच्या दर्जाचा मुद्दा असेल तर लॉगबुक, ऑडिट, कोणती ऑपरेशन्स तुम्ही स्वतः थांबवायला तयार आहात त्याची यादी. मी स्वतःहून घरी बसतो मग ऑर्डर कशाला, हा युक्तिवाद फारसा चालत नाही, कारण उद्या तुम्ही मत बदललंत तर अडवणारं काही नसतं आणि दुसऱ्या हॉस्पिटलला ते कळायचा मार्गही नसतो.

आणि शेजारी फौजदारी केस चालू असेल तर तोंड सांभाळून. अंतरिम हिअरिंगला भावनेच्या भरात दिलेलं लांबलचक निवेदन पुढे पोलिसांच्या फाइलमध्ये दिसू शकतं. अशा वेळी आरोप नाकारतो एवढंच म्हणायचं आणि बाकी सगळा वेळ धोका आणि अटींवर बोलायचं. दोन्ही वकील एकमेकांशी बोललेले हवेत. कॅलिफोर्नियात तर नियामक थेट फौजदारी कोर्टात येऊन जामिनाच्या वेळीच प्रॅक्टिसवर अटी घाला असं सुचवू शकतो, म्हणजे तुम्ही बोर्डाच्या पत्राची वाट बघत बसाल आणि काम थांबलेलं असेल जामिनाच्या अटीनेच.

हॉस्पिटलने घरी बसवणं आणि नियामकाने सस्पेंड करणं यात लोक गल्लत करतात. हॉस्पिटलची ऑर्डर त्यांच्या दारापुरती, नियामकाची रजिस्ट्रेशनला चिकटते. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने हॉस्पिटललाही कुणाच्या तब्येतीला निकटचा धोका दिसला तर डॉक्टरचे अधिकार आधी थांबवून सुनावणी नंतर घेता येते, आणि हा प्रकार ३० दिवसांपलीकडे गेला की त्याची नोंद नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँकेत, म्हणजे डॉक्टरांवरच्या कारवायांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीत जाते. ही नोंदीची व्यवस्था नसेल तर काय होतं ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याच्या बंडाबर्ग गावातल्या हॉस्पिटलने बघितलंय. तिथे २००३ मध्ये नेमलेल्या एका सर्जनवर अमेरिकेत ओरेगॉनच्या बोर्डाने २००० सालीच काही ऑपरेशन्सची बंधनं घातली होती, ते क्वीन्सलँडमध्ये कुणी नीट तपासलं नाही आणि २००५ मध्ये ते प्रकरण मोठं स्फोटक झालं. म्हणून दुसऱ्या देशात रजिस्ट्रेशन असेल तर तिथे कळवायची अट आहे का ते आधी बघा. लपवलं आणि नंतर उघड झालं तर मूळ तक्रारीतून सुटलेला डॉक्टरही अप्रामाणिकपणाच्या नव्या आरोपात अडकतो, आणि तो आरोप लढायला मूळ तक्रारीपेक्षा अवघड.

तक्रार करणाऱ्या बाजूचे लोकही हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. तातडीची कारवाई हवी असेल तर तुमच्यावर काय अन्याय झाला याच्या इतकंच महत्त्वाचं असतं की तो डॉक्टर आज काय करतोय. तो अजून त्याच प्रकारचे पेशंट बघतोय का, कुठे, अजून कुणाला असाच अनुभव आलाय का आणि ते बोलायला तयार आहेत का, आधी हॉस्पिटलला कळवलं होतं का आणि त्यांनी काय उत्तर दिलं, हे तारखांसकट पहिल्याच पानावर लिहा. शक्य असेल तर वर एक ओळ घाला की अंतरिम कारवाईची विनंती आहे, नाहीतर तक्रार नेहमीच्या रांगेत जाऊन पडते.